बर्फावरची पारख

आपल्या मराठी घरांत कोणतीही वस्तू उंबरठ्याच्या आत येण्यापूर्वी तिला दोन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पहिला प्रश्न, 'केवढ्याला पडली?' आणि दुसरा, 'टिकेल ना?' पहिल्याचे उत्तर घरोघर थोडे कमी करून सांगितले जाते. दुसऱ्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, तरीही तो विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा, नारळ कानाशी धरून हलवायचा, लुगड्याचा काठ चुरगाळून पाहायचा, पातेले हातात तोलून पाहायचे, ही सारी त्या दुसऱ्या प्रश्नाचीच उपांगे. 'पारख' हा शब्द मुळात संस्कृत 'परीक्षा'. प्राकृताच्या वाटेने झिजत झिजत तो आपल्या घरात आला आणि इथलाच होऊन राहिला. परीक्षा म्हटली की विद्यार्थ्याला घाम फुटतो. पारख म्हटली की दुकानदाराला.

यंदाच्या दिवाळीसाठी या सदरात पारखायला घेतलेल्या वस्तू मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी हाताळल्या असतील. त्या आहेत बर्फावरच्या हॉकीच्या. वाचक म्हणतील, मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा उपद्व्याप कुठून सुचला? प्रश्न रास्त आहे. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापलीकडे गेलेला नाही. परंतु माझी धाकटी बहीण पुष्कळ वर्षे कॅनडात, टोरांटोजवळ, संसार थाटून आहे आणि तिचा अकरा वर्षांचा चिरंजीव हिवाळाभर घरात कमी व बर्फावर जास्त असतो. मध्यंतरी ती फोनवर म्हणाली, "दादा, ह्याच्या सामानापायी माझा जीव मेटाकुटीला आलाय. दर वर्षी पाय वाढतो, दर महिन्याला काठी मोडते, आणि दुकानदार म्हणतो महागातलीच घ्या. तू आयुष्यभर पेपर तपासतोस. चांगलं कशाला म्हणायचं आणि टिकाऊ कशाला, एवढं तरी तपासून सांग."

पेपर तपासणाऱ्याला असे आव्हान दिले की तो हटत नाही. मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की आपण जो प्रश्न एका दमात विचारतो, तो एक प्रश्नच नव्हे. वस्तूगणिक तो बदलतो. कसा, तेच आज सांगावयाचे आहे.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिका व कॅनडातील मोठ्या सामन्यांचे बर्फाचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. एकेका बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू. चेंडूच्या जागी घट्ट रबराची काळी चकती, ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, वजनाने १५६ ते १७० ग्रॅम. मोठ्या सामन्यांत ती आधी गोठवून ठेवतात, कारण उबदार रबर उसळ्या मारते आणि गोठलेले मुकाट्याने घसरते. कसलेल्या खेळाडूच्या काठीवरून सुटलेली ही चकती ताशी दीडशे किलोमीटरचा वेग ओलांडते. खेळाडूंच्या पायांना पोलादी पाती, हातांत काठ्या, भोवती लाकडाच्या वा प्लॅस्टिकच्या भिंती. आपल्या पुराणांतल्या योद्ध्याप्रमाणे या गड्यालाही तीन गोष्टी लागतात: शस्त्र, वाहन आणि कवच. काठी हे त्याचे शस्त्र, स्केट हे वाहन, आणि हेल्मेट, गळापट्टी, हातमोजे, पायांचे पॅड हे कवच. पारख या तिघांची वेगवेगळी केली पाहिजे.

पहिले शस्त्र. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशियात मिकमॅक आदिवासी एकोणिसाव्या शतकात अखंड लाकडातून या काठ्या कोरून काढीत. पुढे बर्च आणि अ‍ॅश या झाडांच्या लाकडाचे थर चिकटवून काठ्या होऊ लागल्या. त्यानंतर ॲल्युमिनियमचे दांडे आले, आणि २००० सालच्या सुमारास कार्बनच्या तंतूंची, राळेत भिजवून घट्ट केलेली, दांडा व पाते एकसंध असलेली काठी बाजारात आली. लाकडी काठी सहाशे ग्रॅमच्या वर भरते. हलक्यातली हलकी कार्बनची काठी चारशेच्या आत. हातात घेतल्यावर फरक कळायला हॉकी यावी लागत नाही.

पण काठी नुसती हलकी असून भागत नाही. ती वाकावी लागते. जोरकस फटका मारताना खेळाडू पाते चकतीच्या काही इंच अलीकडेच बर्फावर आपटतो. त्या दाबाने दांडा धनुष्यासारखा वाकतो, आणि सरळ होताना साठलेली ताकद चकतीला देतो. म्हणून प्रत्येक काठीवर एक आकडा छापलेला असतो. दांडा एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, तो हा आकडा. ८५ लिहिले असेल तर ८५ पौंड. ढोबळ हिशेब असा की खेळाडूच्या वजनाचे जितके पौंड, त्याच्या निम्मा आकडा घ्यावा. माझ्या भाच्याचे वजन ३६ किलो, म्हणजे सुमारे ८० पौंड. त्याला ४०च्या आसपासची काठी हवी.

आणि इथेच आपला मराठी स्वभाव आडवा येतो. आपण मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवतो. बहिणीनेही तोच विचार केला होता. मोठ्या माणसाची काठी घ्यायची, आज वरून कापायची, म्हणजे दोन हिवाळे निभतील. कापडाच्या बाबतीत हे शहाणपण आहे. काठीच्या बाबतीत नाही, कारण दांडा आखूड केला की तो अधिक ताठ होतो. लांब फूटपट्टी सहज वाकते आणि तिचाच तुकडा वाकत नाही, तोच हा न्याय. कापलेली काठी भाच्याच्या हातात टिकली असती खरी, पण ती टिकली असती ती न वाकल्यामुळे. शिवधनुष्य लहान मुलाच्या हाती दिले तर तेही वर्षानुवर्षे शाबूत राहील! त्याने बाण मात्र सुटणार नाही.

आता कामगिरीचा प्रश्न. महाग काठीने फटका खरोखरच जोरात बसतो का? अमेरिका-कॅनडातील राष्ट्रीय हॉकी लीगच्या वार्षिक कौशल्यस्पर्धेत फटक्याचा वेग मोजतात. १९९३ मध्ये अल आयफ्रेटी याने ताशी १०५.२ मैलांचा फटका मारला. तेव्हा आजची एकसंध कार्बनची काठी बाजारात यायची होती. हा विक्रम मोडायला १६ वर्षे लागली. २००९ मध्ये झ्डेनो चारा या धिप्पाड स्लोव्हाक खेळाडूने १०५.४ची नोंद केली, आणि २०१२ मध्ये त्यानेच १०८.८, म्हणजे ताशी १७५ किलोमीटर गाठले. १६ वर्षांत काठीचा सारा कायापालट झाला, आणि पहिला विक्रम मागे पडला तो मैलाच्या पाचव्या हिश्शाने. पुढची मजल मारणाऱ्याची उंची आहे सहा फूट नऊ इंच. श्रेय काठीला किती आणि खांद्यांना किती, हे वाचकांनीच ठरवावे.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बर्फावरच्या हॉकीच्या साधनांचा रीतसर अभ्यास करणारी मंडळी आहेत. त्यांनी ४० खेळाडूंच्या, स्त्रिया व पुरुष दोहोंच्या, हाती वेगवेगळ्या बनावटीच्या काठ्या देऊन फटक्यांचे वेग मोजले. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चकतीचा वेग खेळाडूच्या कौशल्यावर, त्याच्या अंगातील ताकदीवर आणि फटक्याच्या प्रकारावर ठरला. काठीच्या जातीने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ काठ्या सारख्याच असतात असा नव्हे. हलकी काठी मनगटाला चपळ ठेवते, चकती आल्याचे हाताला अधिक नेमके कळवते, आणि साठ मिनिटांच्या सामन्यात हे थोडे नसते. परंतु दुकानदार ज्या गुणासाठी दुप्पट दाम मागतो, तो गुण बव्हंशी गिऱ्हाइकाच्या दंडात असावा लागतो.

यात परीक्षकाने ओळखावी अशी आणखी एक मेख आहे. नवी काठी हाती आली की पहिले चार दिवस प्रत्येक फटका सुरेख बसतो. नव्या पेनाने अक्षर सुधारते, तसेच हे! म्हणून काठीची तुलना करायची तर उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक झाकावा तशी तिच्यावरची नाममुद्रा झाकावी, एकाच मुलाला एकाच दिवशी, एकाच बर्फावर दोन्ही काठ्यांनी वीस-वीस फटके मारू द्यावेत, आणि चकती जाळ्यात नेमकी कुठे गेली ते तिसऱ्याने टिपावे. बहिणीच्या यजमानांनी एका रविवारी हा प्रयोग केला. भाच्याने निवडली ती मधल्या किमतीची काठी. किंमत कळल्यावर तो जरा हिरमुसला, असे कळते.

राहिला टिकाऊपणा. लाकूड मरते ते सांगून मरते. आधी ओल धरते, मग कडेला कुसळे निघतात, पाते सैल पडते, आणि वापरणाऱ्याला कळते की आता हिची घटका भरत आली. कार्बनचे तसे नाही. त्याच्या तंतूंत ओढ सहन करण्याची ताकद अफाट. पण प्रतिस्पर्ध्याच्या काठीचा एखादा तिरपा घाव दांड्याच्या कडेवर बसला की आतले थर एकमेकांपासून सुटतात, वर मात्र केसाएवढी रेघ दिसते. दहा दिवसांनी, अगदी साध्या फटक्याला, काठीचे दोन तुकडे होतात, आणि मालक म्हणतो, 'काही कारण नसताना मोडली!' कारण दहा दिवसांपूर्वीच घडून गेलेले असते.

मग ओळखायचे कसे? इथे आपल्या आजीची विद्या कामी येते. माठ वाजवतात तशी काठी वाजवावी. दांड्यावर वरपासून खालपर्यंत नाण्याने हलकेच टकटक करीत जावे. धड भागातून खणखणीत आवाज येतो. थर सुटलेल्या जागी तो बोदा होतो. विमानाच्या कार्बनच्या भागांची तपासणी करणारे तंत्रज्ञही ही टकटक करतात. म्हणजे कुंभारवाड्यात माठ वाजवून घेणारी गृहिणी आणि विमानतळावरचा तंत्रज्ञ एकाच पंथाचे! शिवाय दांड्याच्या चारही कडांवरून नख फिरवावे. जिथे नख अडकते, तिथे घाव आहे. आणि पात्याचे टोक धरून हलके पिळावे. करकर झाली तर जोड सुटला.

खर्चाचा हिशेब तर अगदी सोपा आहे, पण तो कोणी करीत नाही. वरच्या प्रतीची काठी आज तीनशे अमेरिकी डॉलरांच्या वर जाते, आणि कारखानदाराची हमी बहुधा ३० दिवसांची असते. समजा, तीनशे डॉलरांची काठी ३० सामने टिकली, आणि शंभर डॉलरांची २५. पहिली एका सामन्याला १० डॉलर खाते, दुसरी ४. बहिणीला मी एक वही घालायला सांगितली: काठी कधी घेतली, किती सामने चालली, कुठे मोडली. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे जड नाही. काठी नेहमी एकाच ठिकाणी मोडत असेल तर दोष मालाचा किंवा मुलाच्या सवयीचा. वेगवेगळ्या ठिकाणी मोडत असेल तर तो खेळाचा प्रसाद. सारांश, शस्त्राची पारख त्याच्या धन्याच्या बळावरून करावी, आणि ते अमर असावे अशी अपेक्षा ठेवू नये.

आता वाहन. स्केटच्या बाबतीत टिकाऊपणाचा अर्थ पालटतो. काठी मोडली की संपली. स्केट मात्र वरचेवर नवे करता येतात. त्यांचे पोलादी पाते सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे, आणि नवल हे की त्याला एक धार नसते, दोन असतात. गोल चाकाने पात्याच्या तळाला लांबट पन्हळ पाडतात. तिच्या दोन्ही काठांना धार येते. पन्हळ खोल असेल तर पाते बर्फ घट्ट पकडते, पण घसरण मंदावते. उथळ असेल तर घसरण सुरेख, पण वळताना पाय निसटण्याची भीती. पन्हळीची गोलाई बहुधा अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची ठेवतात. हलक्या मुलाला पकडीसाठी थोडी खोल, वजनदार गड्याला थोडी उथळ. धार लावून आणल्यावर पात्यावर आडवे नाणे ठेवावे. नाणे पात्याशी काटकोनात बसले तर दोन्ही धारा समान. कलले तर धार लावणाऱ्याला स्केट परत द्यावेत.

प्रत्येक धारेबरोबर थोडे पोलाद झिजते, म्हणून पात्याचे आयुष्य त्याच्या उरलेल्या उंचीवरून मोजतात. शिवाय त्याला गंजही चढतो. खेळ झाल्यावर पाती फडक्याने कोरडी करणे, चालताना त्यांवर प्लॅस्टिकचे कडक म्यान आणि घरी ठेवताना कापडी खोळ घालणे, एवढ्याने ती दुप्पट टिकतात असे जाणकार सांगतात. कडक म्यानातच ठेवली तर आत ओल कोंडते. आपल्याकडे विळी धुऊन तशीच ओली ठेवणाऱ्या सुनेला सासू जे ऐकवीत असे, तेच हे.

बुटाची पारख निराळी. पूर्वी तो चामड्याचा असे. आता तो कडक, साच्यातून काढलेला असतो, आणि दुकानातच भट्टीत गरम करून पायाच्या आकाराला बसवतात. घोट्याजवळचे दोन्ही पंख हातांनी आत दाबून पाहावेत. सहज मिटले तर बुटाचा कणा गेला. तळाचे रिवेट हलत नाहीत ना, हे बघावे. आणि माप? लेस सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे जेमतेम एक बोट जावे, त्याहून जास्त नाही. इथेही वाढत्या अंगाचे धोरण घातक. सैल बुटात घोटा डुगडुगतो आणि मूल चुकीच्या सवयी शिकते. पण पायच वाढून लहान पडलेले, कण्याने मजबूत स्केट दुसऱ्या मुलाला खुशाल द्यावेत. कॅनडात वापरलेल्या स्केटचा बाजार मोठा आहे, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. वाहनाची पारख दुरुस्तीवरून करावी.

तिसरे कवच. इथे मात्र मला बहिणीशी भांडावे लागले.

ती म्हणाली, "हेल्मेटचा खर्च तरी वाचला. शेजाऱ्यांनी त्यांच्या मोठ्या मुलाचं दिलंय. दहा वर्षांचं आहे, पण ओरखडासुद्धा नाही. अगदी नव्यासारखं."

"अगं, आतल्या बाजूला शिक्का असेल. तारीख बघ."

"फुकट मिळालेलं धड हेल्मेट तारखेसाठी टाकायचं? आईला सांग, ती हसेल तुला."

आई हसली नसती असे नाही. आमच्या घरात थोरल्याचा सदरा धाकट्याला, मग चुलतभावाला, आणि शेवटी पोतेऱ्याला, हीच रीत. पण सदरा अंग झाकतो. हेल्मेट आघात गिळते. त्याच्या कवचाखाली फेसाळ गादी असते. डोके आदळले की ती चेपते, थांबण्याचा क्षण किंचित लांबवते, आणि धक्क्याची धार बोथट करते. सायकलच्या हेल्मेटची गादी एका मोठ्या आघातातच कामी येते. हॉकीचे हेल्मेट पुष्कळ लहान धक्के सोसावे अशा बेताने घडवलेले असते. परंतु घाम, ऊन, थंडी आणि वर्षे यांनी ती गादीही आखडते, ठिसूळ होते. बाहेरून ओरखडा नाही, याने आतले काहीच सिद्ध होत नाही. म्हणूनच अमेरिकेत हॉकीच्या साधनांना प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदेचा शिक्का बनावटीच्या तारखेपासून साडेसहा वर्षांनी आपोआप बाद होतो.

कवचाला नाक मुरडण्याचा इतिहास या खेळात मोठा आहे. १९५९च्या नोव्हेंबरमध्ये माँट्रियलचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या तोंडावर चकती बसली. टाके घालून घेतल्यावर मुखवट्याशिवाय आपण बर्फावर जाणार नाही, असे त्याने बजावले. त्याच्या प्रशिक्षकाला मुखवटा नको होता. त्याने नजरेला अडथळा येईल, खेळ खालावेल, असे त्याचे म्हणणे. प्लांत मुखवटा घालून खेळला, संघ जिंकला, आणि जिंकतच राहिला. १९६८ मध्ये बिल मास्टर्टन हा खेळाडू, हेल्मेट नसताना, डोके बर्फावर आपटून मृत्यू पावला. त्यानंतरही लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती व्हायला १९७९ साल उजाडले, आणि जुन्या सवलतीचा अखेरचा लाभार्थी १९९७ पर्यंत उघड्या डोक्याने खेळला. २०२३च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील शेफील्ड येथे ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटचे पाते लागून तो दगावला, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या सर्व स्पर्धांत न कापल्या जाणाऱ्या धाग्यांची गळापट्टी सक्तीची केली. कवचाची किंमत माणसाला बहुतेक वेळा उशिरा कळते.

बरे, महाग हेल्मेट घेतले की काम झाले का? तेही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने बाजारातील ३२ हेल्मेटे प्रयोगशाळेत आदळून पाहिली. सरळ बसणारा धक्का आणि डोक्याला पीळ देणारा धक्का, दोन्ही मोजले, कारण मेंदूला इजा करण्यात या पिळाचा वाटा मोठा असतो. पाचपैकी तीन तारे मिळाले एकाच हेल्मेटला. त्याहून अधिक कोणालाच नाहीत. नऊ हेल्मेटे तर शिफारशीलाही अपात्र ठरली. बाजारात विकायला लागणारी किमान परीक्षा ही सारीच उत्तीर्ण झालेली होती, आणि किंमत व तारे यांचा मेळ काही बसेना. पस्तीस गुण आणि पंच्याहत्तर गुण यांतला फरक आम्हा मास्तरांना सांगायला नको. उत्तीर्ण दोघेही असतात. हा निकाल प्रसिद्ध झाल्यावर कारखानदार जागे झाले आणि पुढच्या काही वर्षांत पाच तारे मिळवणारी हेल्मेटेही निघाली. निकाल उघड्यावर लावण्याचा हा फायदा. तरीही कोणतेच हेल्मेट मेंदूला बसणारा हादरा पूर्णपणे टाळीत नाही, हे आईबापांनी मनाशी पक्के धरून ठेवावे.

म्हणून हेल्मेट पारखताना मी बहिणीला चार गोष्टी सांगितल्या. शिक्का व तारीख पाहा. कवचावर केसाएवढीही चीर नको. आतली गादी अंगठ्याने दाबून पाहा. ती दबून पुन्हा वर यावी. मुलाला घालून मान जोराने हलवायला सांग. हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे, डोक्याच्या मागून नव्हे. तिने शिक्का पाहिला. तो बाद होऊन साडेतीन वर्षे झाली होती. गादी अंगठ्याखाली सुकलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी लागली. शेजाऱ्यांचे मन न दुखवता ते हेल्मेट कसे नाकारायचे, यावर आमचे आणखी अर्धा तास बोलणे झाले, आणि खरे सांगायचे तर सगळ्या प्रकरणात तेच अवघड होते. काठीवर वाचलेले पैसे नव्या हेल्मेटात गेले. भाच्याच्या मते हा व्यवहार उलटा झाला. काठी सगळ्यांना दिसते, हेल्मेटातली गादी कोणाला दिसते?

हा सारा हिशेब दुकाने आणि डॉलर असलेल्या मुलखाचा झाला. आपल्याच देशात, लडाखमध्ये, हाच खेळ वेगळ्या तराजूवर तोलला जातो. उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्या मराठी पर्यटकांना निळी तळी दिसतात. हिवाळ्यात लेहच्या आसपासची तळी गोठली की त्यांवर मुले हॉकी खेळतात. तिथल्या जुन्या पिढीतील खेळाडूंनी लष्करी बुटांना पाती जोडून हा खेळ शिकला. पुढे परदेशातून वापरलेले सामान भेट येऊ लागले, आणि एकेक स्केटची जोडी आळीपाळीने अनेक पाय वापरू लागले. उघड्या तळ्यावरच्या बर्फात धूळ आणि वाळूचे कण असतात; पात्याची धार तिथे लवकर जाते. अशा ठिकाणी टिकाऊ म्हणजे गावातच दुरुस्त करता येईल ते. भारताच्या महिला संघात बहुतेक याच भागातल्या मुली. २०१७ मध्ये लोकवर्गणीच्या आधाराने त्या बँकॉकला आशियाई स्पर्धेला गेल्या आणि फिलिपीन्सला ४-३ असे हरवून त्यांनी आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकाचे कांस्यपदक मिळवले. उसन्या सामानावर वाढलेल्या या मुलींची कामगिरी पाहिली की मॅकगिलवाल्यांचा निष्कर्ष पुन्हा आठवतो. मात्र तोही अर्धाच. उसनी काठी चालते, दुरुस्त केलेले स्केट चालतात. उसने हेल्मेट त्यांनाही चालू नये. भेट पाठवणाऱ्यांनी आपल्या पेटाऱ्यात तारीख उलटलेले हेल्मेट घालू नये, एवढी माणुसकी त्यांनी दाखवावी. दान दिल्या गाईचे दात मोजू नयेत ही म्हण खरी, पण ती गाईपुरती ठेवावी.

वाचकहो, बर्फावरच्या हॉकीशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध येणार नाही. पण आपल्या दारामागच्या खुंटीवरही एक हेल्मेट टांगलेले असते. वडिलांचे मुलाकडे, मुलाचे धाकट्या बहिणीच्या स्कूटरकडे, असा त्याचाही प्रवास झालेला असतो. मध्ये कधी जिन्यावरून ते गडगडत खाली आलेले असते, आणि 'काही झाले नाही' म्हणून पुसून पुन्हा टांगलेले असते. त्याच्या आतली गादी तर एकाच मोठ्या आघातासाठी घडवलेली. या दिवाळीत घर झाडताना ते खाली काढावे, उजेडात धरावे, आय.एस.आय.चा शिक्का आणि तारीख वाचावी, अस्तर बाजूला करून गादीला चीर गेली आहे का ते पाहावे. चीर दिसली तर ते माळ्यावर टाकू नका, आणि मोलकरणीच्या मुलाला तर मुळीच देऊ नका. त्याचा पट्टा कापून ते कचऱ्यात टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ते चढणार नाही. आणि नवे आणल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'केवढ्याला पडले?' असे विचारलेच, तर या एका वस्तूची किंमत कमी करून सांगू नका.